नाचणी आंबिलीचं मिक्स: कौतुक सगळ्यांनी केलं, परत कुणी मागवलं नाही, मग बदलायचं काय?

ताई, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही साताऱ्याजवळ घरी नाचणी आणि भाजलेल्या मूगडाळीचं आंबिलीचं मिक्स बनवता, जिरं-सुंठ घालून, ४०० ग्रॅमचं पाकीट २२० रुपयांना. डिसेंबरात पुण्यातल्या एका प्रदर्शनात दोनशेच्या आसपास पाकिटं गेली, स्टॉलवर चव बघून सगळ्यांनी वा वा केलं, आणि मार्चअखेरपर्यंत परत ऑर्डर आल्या फक्त ९. आता तुम्ही विचारताय की किंमत कमी करू, पाकीट चकचकीत करू, की इन्स्टावर जाहिरात करू, आणि मुलगा म्हणतोय हे सगळं सोड, आपण ऑफिसांना सकाळच्या नाश्त्याची सर्व्हिसच चालू करू.

मी खाद्यपदार्थांच्या मार्केटिंगमध्येच काम करते, आधी कंपनीत होते, आता बरीच वर्षं घरगुती उद्योग आणि बचत गटांसोबत. त्यावरून सांगते, किंमत, पाकीट, जाहिरात यातल्या कशालाही अजून हात लावू नका. हे तिन्ही उपाय पहिलं पाकीट खपावं म्हणून करतात आणि तुमचं पहिलं पाकीट तर छान खपलंय. गाडी अडलीय दुसऱ्या पाकिटाला, आणि दुसरं पाकीट जातं की नाही हे ठरतं पहिलं घरी गेल्यावर तिथल्या ओट्यावर काय घडलं त्यावरून. आम्ही मार्केटिंगवाले प्रॉडक्ट समजून घ्यायचं म्हणतो तेव्हा निम्मं काम हेच असतं, की आपण जे बनवलं ते गिऱ्हाइकाच्या घरात कुठल्या वेळेला, कुणासाठी, कशाच्या जागी वापरलं जातं ते बघायचं.

पण त्याच्याही आधी, ९ हा आकडा खरंच इतका वाईट आहे का ते तपासू. एका वाटीला साधारण ४० ग्रॅम पीठ धरलं तर तुमच्या पाकिटात १० वाट्या होतात. चार माणसांच्या घरात आठवड्यातून एकदा सगळ्यांना केली तर अडीच आठवड्यात पाकीट संपलं. एका मुलाला रोज शाळेत जाताना दिली तर दहा दिवसात. फक्त आजोबांसाठी आठवड्यातून दोनदा केली तर पाच आठवडे. म्हणजे या तीन घरांकडून परत ऑर्डर यायची वेळच वेगवेगळी आहे आणि तुम्ही सगळ्यांना एकाच हिशोबात धरताय. शिवाय आंबील आपल्याकडे मुख्यतः उन्हाळ्यात पितात, थंड म्हणून. तुम्ही विकलीत डिसेंबरात, गरमागरम चव दिलीत म्हणून लोकांनी घेतलं, पण घरी गेल्यावर त्यातल्या कितीतरी जणींनी ‘ऊन पडायला लागलं की करू’ म्हणून ते बाजूला ठेवलं असणार. त्यामुळे मेअखेरपर्यंत थांबल्याशिवाय लोकांना आवडलं नाही असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी गोष्ट, तुम्हीच लिहिलंय की वहीत ६० जणांचेच नंबर घेतलेत. मग उरलेल्या १४० जणांनी परत मागवायचं कसं? तुम्ही म्हणाल पाकिटावर नंबर आहे की मागे. आहे, पण आपल्या घरांमध्ये पिठाच्या पाकिटाचं काय होतं ते आठवा, आणलं की कापलं, स्टीलच्या डब्यात ओतलं आणि पाकीट कचऱ्यात. त्याबरोबर तुमचं नाव गेलं, नंबर गेला, कृती गेली, तारीखही गेली. डब्यात राहिलं ते एक बिननावाचं तपकिरी पीठ. मागे कोकणातल्या एका बचत गटाच्या कुळीथ पिठासाठी आम्ही गिऱ्हाइकांकडून फोटो मागवले होते, त्यात एकीच्या फळीवर हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत पीठ होतं आणि वर तिने स्वतः कागद चिकटवून लिहिलं होतं ‘नाचणी?’, प्रश्नचिन्हासकट. पीठ होतं कुळथाचं. आता ती बाई परत काय मागवणार आणि कुणाकडून!

त्यामुळे पहिली आणि अगदी स्वस्त सुधारणा ही, की पाकिटात एक स्टिकर टाकायचा, डब्याच्या झाकणावर लावायला. त्यावर मोठ्या अक्षरात नाव, तीन ओळींची कृती, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि तुमचा व्हॉट्सॲप नंबर, बास. हा स्टिकर मला जाहिरात वाटत नाही, मी त्याला प्रॉडक्टचाच भाग धरते, कारण तो नसेल तर तुमचं पीठ वापरताच येत नाही.

आता मुख्य काम. त्या ६० जणांना फोन करा, निदान १०-१२ जणांशी तरी नीट बोलणं होईपर्यंत. ‘आवडलं का’ असं विचारू नका, आपल्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, तेही घरी बनवणाऱ्या बाईला. ‘परत घ्याल का’ हेही नको, हो म्हणायला काही पैसे पडत नाहीत. विचारायचं ते घडून गेलेलं. शेवटचं कधी केलंत, त्या दिवशी कुणासाठी केलंत, किती वाजता, कशात कालवलंत, कुणी किती प्यायलं, उरली का, आणि ज्या दिवशी केली नाहीत त्या सकाळी मग काय केलंत, पोहे, चहा-बिस्किट, कालची पोळी? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा कारण तुमची खरी स्पर्धा कुणाशी आहे ते त्यातून कळतं. आणि फोन ठेवताना एक विनंती करा, ‘ताई, पाकीट किंवा डबा आत्ता जिथे आहे तिथेच फोटो काढून पाठवता का, आवरायचं नाही हां काही’. अर्ध्या जणी तरी पाठवतात. दोन तृतीयांश भरलेलं पाकीट, वर रबर लावलेलं, साबुदाण्याच्या डब्याच्या मागे सरकलेलं दिसलं तर एकदा करून बघून सोडून दिलंय. न फोडलेलं दिसलं तर उन्हाळ्याची वाट बघतायत किंवा विसरल्यात. रिकामा डबा दिसला तर तिला अजून हवंय आणि तुम्ही पोचला नाही आहात. म्हणजे तीन वेगळे आजार झाले, त्यांना औषधही वेगळं लागणार, आणि किंमत कमी करणं हे त्यातल्या एकाचंही औषध नाही.

एकदा नवलाई म्हणून घेतलं आणि परत घेतलं नाही, यात भलेभले अडकलेत. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आली, तळोज्याला कारखाना टाकला, मोठी जाहिरात केली, लोकांनी कौतुकाने कॉर्नफ्लेक्स आणले. पण ते फ्लेक्स थंड दुधात कुरकुरीत राहावेत असे बनवलेले होते आणि आपल्याकडे सकाळी दूध तापवतात, गरम गरम ओततात, त्यात साखर. दोन मिनिटात लगदा. शिवाय सकाळी पोटाला गरम काहीतरी पाहिजे ही सवय, तीही आडवी आली. खप सुरुवातीला चांगला आणि मग बसला. पुढे त्यांनी मुलांसाठी गोड चोकोज आणले, लहान पाकिटं आणली, तेव्हा हळूहळू घरात जागा मिळाली. माल उत्तमच होता, पण आपल्या दुधाच्या भांड्याचा विचार त्यात नव्हता.

तुमच्या बाबतीत ते दुधाचं भांडं कुठलं असेल याचा मला दाट संशय आहे. तुम्ही पाकिटाच्या मागचा फोटो टाकलाय त्यावर कृती आहे ‘एक कप उकळत्या पाण्यात ४ टीस्पून मिक्स घालून ढवळा’, तीही इंग्रजीत, बारीक अक्षरात. अहो, नाचणीचं पीठ थेट उकळत्या पाण्यात पडलं की पिठाच्या गोळ्याचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं, झाल्या गुठळ्या! तुम्ही स्टॉलवर नक्की आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात सोडत असाल, हात सारखा पळीवर असेल, ताक गॅस बंद केल्यावर घालत असाल म्हणजे फाटत नाही. ते तुमच्या हाताला इतकं सवयीचं आहे की लिहावं असं वाटलंच नाही. स्टॉलवर लोकांनी चाखली ती तुमच्या हातची आंबील आणि घरी घेऊन गेले ते पीठ. पंचविशीतली नोकरी करणारी मुलगी सकाळी सव्वासातला गुठळ्या झालेलं भांडं घासते आणि परत त्या वाटेला जात नाही, आणि तुम्हाला कधीच सांगत नाही. शिवाय ४ टीस्पून म्हणजे २० ग्रॅमही भरत नाही, मग आंबील पाणचट होणार. त्यात कप, टीस्पून ही मापं किती घरात काढून ठेवलेली असतात? आमटीची वाटी आणि पोह्याचा चमचा सगळ्यांकडे असतो. मापं त्यात द्या, मराठीत लिहा, आणि छापायच्या आधी एक परीक्षा घ्या. शेजारच्या, शक्यतो कॉलेजमधल्या मुलीला पाकीट द्या, तिच्या गॅसपाशी गप्प उभ्या राहा, एक अक्षर सांगायचं नाही, ती जिथे अडखळेल तिथे कृती बदलायची. मला विचाराल तर अशा चार जणींना नुसतं बघण्यातून जे कळतं ते शंभर जणांच्या गुगल फॉर्ममधून कळत नाही.

कुणीतरी तुम्हाला सल्ला दिलाय की नुसतं गरम पाणी ओतून होणारं खरं इन्स्टंट बनवा. ते पीठ आधी शिजवून परत वाळवावं लागतं, त्याची मशिनरी वेगळी, खर्च वेगळा, आणि चव बदलते. आत्ता नको. कृती सुधारून काम होतंय का ते आधी बघा.

किमतीबद्दल. २२० ला ४०० ग्रॅम म्हणजे किलोला ५५०. तुम्ही पाकिटावर ठळक लिहिलंय ‘नाचणी आंबील पीठ’. पीठ म्हटलं की बाईच्या डोक्यात लगेच गिरणी येते, आणि गिरणीतून आणलेल्या नाचणीच्या पिठाच्या कितीतरी पट तुमचा भाव, मग महाग वाटणारच. तेच ‘१० वाट्या आंबील, १० मिनिटात’ असं लिहिलंत तर एक वाटी २२ रुपयाला पडते आणि तुलना नाश्त्याशी होते. मॅगी १९८३ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा पोळीभाजीच्या जागी जायला गेली नाही, शाळेतून आलेल्या पोरांची भूक आणि २ मिनिटं ही जागा तिने धरली. पदार्थ कशाशी तोलला जावा हे आपल्याला बरंचसं ठरवता येतं, फक्त ते वापरणाऱ्याच्या खऱ्या वेळेशी जुळायला हवं. १० मिनिटं लिहून २० लागली तर मात्र आपणच विश्वास घालवतो. आणि इथे मी हेही मान्य करते की फोनवर जर बहुतेक जणींनी ‘घरीच करते आता, गिरणीतून दळून आणलं’ असं सांगितलं, तर मात्र किंमत हा खरा प्रश्न आहे, मग वेगळा विचार करावा लागेल.

लहान पाकीट काढा असंही तुमच्या प्रश्नाखाली कुणी सुचवलंय. शांपूची पुडी सगळ्यांना आठवते, तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नीकृष्णन यांनी शांपू पुडीत आणला आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ पासून चिक शांपू त्याच वाटेने गावागावात नेला. ज्याला अख्खी बाटली परवडत नाही आणि एका धुण्यापुरताच हवाय त्याच्यासाठी ती पुडी होती. तुमच्याकडे ४० ग्रॅमच्या पुडीला पाऊच, लेबल, सीलिंगचे श्रम हे सगळं जवळपास मोठ्या पाकिटाइतकंच पडतं आणि कुरिअरवाला अर्ध्या किलोचेच पैसे लावतो. म्हणून पुडी फक्त दोन ठिकाणी वापरा, प्रदर्शनात चव बघून जे नुसतेच पुढे जातात त्यांना विकायला, आणि परत ऑर्डर करणाऱ्यांच्या खोक्यात ‘मैत्रिणीला द्या’ म्हणून एक जास्तीची. दुकानात नको. मात्र दोन माणसांची घरं जास्त निघाली तर २०० ग्रॅमचं पाकीट जरूर करा, कारण फोडलेलं ४०० ग्रॅम पावसाळ्यात दमट होतं, कुबट वास धरतं, आणि तो वास लोक तुमच्या नावावर लिहितात.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगते कारण ते आपल्या मराठवाड्यातलं आहे आणि मला ते फार आवडतं. गोदरेजने फ्रिज नसलेल्या घरांसाठी काय करता येईल हे शोधायला २००८ मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, सहाशेच्या वर बायकांना बोलावून त्यांच्यासोबत बसून काम केलं. मोठ्या फ्रिजची छोटी स्वस्त नक्कल करणं सोपं होतं. पण त्या घरांची गरज वेगळी दिसली, उरलेली भाजी, दूध एखाद-दोन दिवस टिकावं, पाणी गार मिळावं, लाइट गेली तरी चालावं, घर बदललं तर उचलून नेता यावं. त्यातून ‘छोटूकूल’ आला, ४३ लिटरचा, वजनाला ८ किलोच्या आत, कॉम्प्रेसरच नाही, १२ व्होल्टवर म्हणजे बॅटरीवरही चालणारा, आणि झाकण वर, म्हणजे उघडल्यावर गारवा खाली राहतो. यातली एकेक गोष्ट कुणाच्या तरी घरातल्या अडचणीतून आलीय. आणि पुढची गंमत अशी की बाजारात आल्यावर त्याला वेगळं गिऱ्हाईकही मिळालं, छोटे दुकानदार, गाडीत ठेवायला म्हणून शहरातले लोक, आणि कंपनीने मग त्यांच्यासाठी वेगळं रंगरूप केलं. इतकं जवळून बघून बनवलेल्या वस्तूचाही घेणारा नंतर बदलू शकतो, म्हणून विचारणं हे एकदा करून संपवायचं काम नाही. तुमचंही तसंच होऊ शकतं, तुम्ही मुलांसाठी बनवलंय आणि कदाचित ते जास्त चालेल सासूबाईंच्या संध्याकाळच्या हलक्या जेवणासाठी. तसं निघालं तर पाकिटावरचा हसरा मुलगा काढावा लागेल, सुंठ-जिऱ्याचं प्रमाण बदलावं लागेल, अक्षरं मोठी करावी लागतील, आणि विक्रीची जागाही बदलेल.

यातच एक सावधगिरीची सूचना. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे खरं, पण म्हणून पाकिटावर किंवा इन्स्टावर ‘डायबेटिसवर गुणकारी’, ‘हाडं मजबूत करते’ असलं काही लिहू नका. रोग बरा होतो असा दावा खाद्यपदार्थाला करता येत नाही, एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था, तिचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत, आणि डायबेटिससाठी तर १९५४ चा औषधांच्या जाहिरातींचा कायदाही आहे. तसल्या ओळीवर आलेलं गिऱ्हाईक शुगर उतरली नाही की जातंच.

मुलाच्या कल्पनेबद्दल, ती वाईट नाही पण तो वेगळा धंदा आहे. पाकीट आज नाही खपलं तर उद्या खपतं. नाश्त्याच्या ४० वाट्या सव्वानऊपर्यंत गेल्या नाहीत तर त्या गेल्याच. पाकीट तुम्ही सवडीने तपासून बंद करता, सर्व्हिसमध्ये बनवणं आणि खाणं एकाच वेळी चालतं, वाढणारा पोरगा उशिरा आला किंवा तिरसट बोलला तर गिऱ्हाइकाच्या लेखी आंबीलच वाईट. मुंबईचे डबेवाले १८९० पासून टिकलेत ते स्वयंपाक करत नाहीत, घरचा डबा जेवायच्या वेळेला हातात पडतो या एका गोष्टीवर त्यांची सगळी रचना उभी आहे. ऑफिस तुमच्याकडून जे विकत घेईल तेही मुख्यतः ‘पावणेनऊला गरम’ हे असेल, नाचणी त्यानंतर. ते तुम्हाला साताऱ्यात बसून रोज जमणार आहे का, कोण नेणार, दांडी मारली तर कोण, भांडी परत कशी येणार, हे मुलाला कागदावर लिहायला सांगा. एफएसएसएआयच्या नोंदणीतही केटरिंग वेगळं दाखवावं लागतं. करायचंच असेल तर जवळचं एकच ऑफिस, आठवड्यातून दोन दिवस, महिन्याचे पैसे आधी. त्याचा एक मोठा फायदा मात्र आहे, लोक तुमच्या डोळ्यासमोर पितात. कुणी वाटी संपवली, कुणी अर्धी ठेवली, कुणी वरून मीठ मागितलं, हे रोज फुकटात कळतं आणि ते थेट पाकिटाच्या मिक्समध्ये वापरता येतं.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात फोन आणि फोटो. मग कृती आणि मापं बदलून झाकणाचा स्टिकर, एवढाच बदल असलेली ३० पाकिटं बनवा, लेबलवर मार्करने छोटी खूण करा, आणि ती ज्यांना जातील त्या प्रत्येकीचा नंबर घ्या. मिक्समध्ये आणि किमतीत त्याच वेळी काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. तीन आठवड्यांनी तुम्हीच व्हॉट्सॲप करा, ‘संपलं का’ एवढंच. ३० मधल्या ७-८ जणींनी परत घेतलं तर मी म्हणेन पाया पक्का आहे, मग पाकीट सुंदर करा, मग जाहिरातीला पैसे घाला. दोघीतिघींनीच घेतलं तर मिक्सच्या चवीकडे आणि कोण पितंय याकडे परत वळू.

फोन झाले की इथेच लिहा, मुख्य म्हणजे कोण पितंय, किती वाजता, आणि दुधात की ताकात. दुधात पिणाऱ्या जास्त निघाल्या तर जिरं कमी करून बघावं लागेल, त्याचं प्रमाण तेव्हा बोलू.